अनुमोदकाची सही

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणी याचं कौतुक झालं आणि मोठेपणी याचीच शिक्षा झाली. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, वर्गातल्या सगळ्यांच्या वह्यांवर नावं मी घालायचे, आमच्या शेलार गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते मीच लिहायचे. पुढे टायपिंगच्या दोन परीक्षा पास झाले आणि नोकरी लागली ती एका राजकीय पक्षाच्या तालुका कार्यालयात, प्रोसिडिंगची वही, म्हणजे बैठकांचं इतिवृत्त, लिहायला. पक्ष कुठला ते सांगत नाही. सगळ्याच पक्षांच्या वह्या बाजारातल्या एकाच दुकानातून जायच्या, आणि आतला मजकूरही फार वेगळा नसावा. तिथे मी सहा वर्षं होते. सातव्या वर्षी का नव्हते, ते पुढे येईलच.

नोकरी लागली तेव्हा आईने एकच गोष्ट सांगितली. "आपल्या घरात लिहिणं आत्ता कुठे तिसऱ्या पिढीला आलंय. हाताने खोटं लिहू नको." मी म्हटलं, "आई, राजकीय पक्ष आहे तो." आई म्हणाली, "म्हणून तर सांगते."

ऑफिस निजामपुऱ्यात, एका कापडाच्या गोदामावर. खाली गल्लीभर लूम, म्हणजे यंत्रमाग. लूमचा आवाज इतका सतत असायचा की तो आम्हाला ऐकू येणंच बंद झालं होतं. उलट तो थांबला की दचकायला व्हायचं. शुक्रवारी लूम बंद, म्हणून कमिटीची बैठक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी अकराला. इतर दिवशी भाषण केलं तर ऐकू जायचं नाही, आणि ऐकू न जाणारं भाषण करायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. एकच्या आत सगळं आटपायचं, कारण निम्मी कमिटी नमाजाला जायची आणि उरलेली निम्मी जेवायला.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. बैठकीत काय झालं हे आम्ही बैठकीच्या आधी लिहून ठेवत असू. अध्यक्ष म्हणायचे, "नंतर लिहायला बसलं की कोण काय बोललं ते आठवावं लागतं. कशाला डोक्याला ताप?" म्हणून गुरुवारी दुपारी मी शुक्रवारची बैठक लिहून मोकळी व्हायचे. विषय अमुक, चर्चा सविस्तर, ठराव एकमताने मंजूर. सह्या तर त्याच्याही आधीच्या. सभासद बैठक संपताच जिन्यावरून पळत सुटायचे, त्यांना सह्यांसाठी कुठे गाठणार? म्हणून आठवडाभरात जो कुणी ऑफिसात कामाला येईल, त्याच्यापुढे मी वही सरकवायची आणि कोऱ्या पानाच्या तळाशी सही घ्यायची. डावीकडे सूचक, उजवीकडे अनुमोदक. मजकूर नंतर वरून खाली उतरत यायचा आणि सह्यांच्या डोक्यावर येऊन थांबायचा. सहा वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की वर काय लिहिणार आहेस.

अनुमोदक म्हणून माझा हक्काचा माणूस म्हणजे नाना. नाना वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावचे. घरची भातशेती होती, तिच्यातली बरीच गोदामांना गेली होती. उरलेल्या तुकड्यात ते अजून भात लावायचे आणि पाखरं हाकलायचे. पक्षात तीस वर्षं. ते दर बुधवारी कसला ना कसला अर्ज टाइप करून घ्यायला यायचे: एसटीच्या थांब्याला शेड हवी, शाळेची भिंत खचली, गोदामाच्या ट्रकनी रस्ता उखडला. मी टाइप करायचे आणि ते शेजारी बसून बोलत राहायचे. दारच्या खुर्चीवर बसायचे, कारण तिथे चहा सगळ्यांत आधी पोचायचा. पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एकही न चालणारं. मी वही सरकवली की माझं पेन घ्यायचे आणि सुक्या जवळ्याच्या चटणीबद्दल बोलता बोलता सही ठोकायचे. नानांनी थोर माणसासारखं दिसायची काहीही खबरदारी घेतलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून लोकांना वाटेल की मी कुणा महात्म्याबद्दल लिहितेय.

त्या वर्षी सरहद्दीवर दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आणून ठेवल्या होत्या. टीव्हीवर रोज नकाशे, नकाशावर बाण. निजामपुऱ्यात चहाच्या टपरीवर बसून लोक रणगाडे हलवत होते. एक बुधवार गेला आणि गुरुवारी सकाळी जिल्ह्यावरून आमच्या ऑफिसात पत्रक आलं: प्रत्येक तालुक्याने निर्णायक युद्धाची मागणी करणारा ठराव करून ताबडतोब पाठवावा. अध्यक्षांचे डोळे चमकले. पंचायत समितीच्या निवडणुका तोंडावर होत्या, तिकिटं जिल्ह्यावर ठरायची, आणि पहिला ठराव आपला पोचला तर वरच्यांच्या लक्षात राहील, असा त्यांचा साधा हिशोब होता. "उद्याच्या बैठकीचा विषय हाच," ते म्हणाले. "लिहून टाक. जोरदार लिही."

मी जोरदार लिहिलं. शत्रूला कायमचा धडा, रक्ताचा शेवटचा थेंब, सगळं. माझं अक्षर अशा मजकुरात विशेष उठून दिसतं. पानाच्या तळाशी सूचक म्हणून आमच्या खजिनदारांची सही होती. ते निजामपुऱ्यातले लूममालक, सगळे त्यांना शेठ म्हणत. अनुमोदक म्हणून नानांची होती, आदल्याच दिवशी एसटीच्या शेडच्या अर्जाच्या वेळी घेतलेली. मी वही बंद केली आणि घरी गेले.

शुक्रवारी नाना आले ते हातात एक फुलस्केप कागद घेऊन. पत्रकाची बातमी त्यांना गावातच लागली होती. आल्या आल्या त्यांनी चहा घेतला, दुसरा मागितला, आणि बैठक सुरू व्हायच्या गडबडीत तो कागद शेजारच्याच्या हातात दिला. शेजारच्याने सही केली आणि पुढे दिला. कागद बाकीच्या वीस जणांतून फिरला. डाव्या बाजूला एक, दोन, तीन असे आकडे, पुढे रेघा. हजेरीचा कागद असतो तसाच. महिला आघाडीच्या अध्यक्षांनी सही केली, अध्यक्षांनी बोलता बोलता सही केली. एकाने तेव्हा नवा मोबाइल घेतला होता, त्याने सहीपुढे नंबरही टाकला. फिरून कागद नानांकडे आला. त्यांनी घडी करून तो मांडीवर ठेवला.

अध्यक्षांनी ठरावावर भाषण केलं. भाषण चांगलं होतं. मधे टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "सगळ्यांची संमती आहे असं समजतो."

"न्हाय," नाना म्हणाले.

आमच्या कमिटीत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. अध्यक्षांना वाटलं चहा नको म्हणतायत.

"माझा विरोध हाय," नाना उभे राहिले. "पण तुमचं मन मोठं हाय, ते मी आधी वाचून दाखवतो." आणि त्यांनी कागद उघडला. मथळा त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात होता. मी खाली सही करणार लढाई व्हावी या मताचा असून लढाई लागल्यास स्वतः सरहद्दीवर जाण्यास तयार आहे, मला पहिल्या गाडीने पाठवावे. मग ते एकेक नाव वाचायला लागले, प्रत्येकापुढे आपली भर घालत. "अध्यक्षसाहेब. साखरेची गोळी रोज दोनदा, ती बरोबर द्या. शेठ. यांना जिना चढताना दोनदा बसाया लागतं, डोंगरावर गाढव लागंल. ह्यांनी नंबर पण दिलाय, म्हंजे निघायच्या वक्ताला फोन करता येल."

पहिल्यांदा हसली ती महिला आघाडी. मग सगळेच. शेठ हसत नव्हते. ते हबकून म्हणाले, "अरे यार, मैं तो हाजिरी समझा! मेरा नाम काटो."

"का? सही तुमचीच हाय ना?" नाना म्हणाले. "न वाचता केली, हा काय सरहद्दीवरच्या पोराचा गुन्हा? अशीच सही करून तुम्ही त्याला पाठवताय."

हसू थांबलं. लूम बंद होते, त्यामुळे ती शांतता पुरती ऐकू आली. मला आठवतं, मला त्या क्षणी फार आनंद झाला होता. तो साधारण अर्धा मिनिट टिकला.

कारण अध्यक्ष उगीच अध्यक्ष नव्हते. त्यांनी माझ्यापुढची वही ओढून घेतली, पान उघडलं, आणि सावकाश वाचलं. सगळा जोरदार मजकूर. शेवटी, "सूचक, आपले खजिनदार. अनुमोदक..." इथे ते थांबले आणि वही नानांपुढे धरली. "नाना, चष्मा लावा. ही सही कोणाची?"

नानांनी चष्मा लावला. सही बघितली. आधी ते हसले. स्वतःच्या सापळ्यात स्वतःचाच पाय बघून माणूस हसेल तसे, मोकळेपणाने. "माझीच हाय," ते म्हणाले. मग त्यांनी वरचं अक्षर बघितलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. हसू गेलं होतं. रागही नव्हता. नुसतं बघितलं.

"बाय, माझा विरोध लिव," ते म्हणाले.

"ठराव एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पेनाला टोपण लाव."

मी टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी नाना ऑफिसात आले. शनिवार, खाली लूमचा दणदणाट, आम्ही दोघंच. ते दारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एक ओळ. नानाचा विरोध नोंदवला. बास." मी वही उघडून बघितली. मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती. ओळ आरामात मावली असती. पण अध्यक्षांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं: वहीला हात लावलास तर सोमवारपासून येऊ नकोस. वडील एसटीत कंडक्टर, त्याच वर्षी रिटायर झाले होते. धाकटीचं कॉलेज चालू होतं. मी हे नानांना सांगितलं. जरा रडवेल्या आवाजात सांगितलं, म्हणजे ते फार ताणणार नाहीत.

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. "तुझी नोकरी जायला नको." आणि बसून चहा प्यायले.

मला हायसं वाटलं. आणि ते जिना उतरल्यावर इतकी लाज वाटली की मी वही कपाटात टाकून कपाटाला कुलूप लावलं.

ठरावाची प्रत जिल्ह्यावर पहिली पोचली. गावच्या एका साप्ताहिकात बातमी आली, सूचक-अनुमोदकांच्या नावानिशी. नानांच्या गावातल्या तरुण मंडळाला अभिमान अनावर झाला. त्यांनी एसटीच्या थांब्यापाशी फलक रंगवून घेतला: रणगाडा, आणि रणगाड्यातून कमरेपर्यंत वर आलेले नाना. पेंटर ओळखीचा होता, पोट बरोबर काढलं होतं. नानांनी भर दुपारी चुन्याची बादली आणि झाडू घेऊन तो सगळा पुसला, आणि एसटीची वाट बघणाऱ्या लोकांना झाडू हलवत सांगितलं की लढाईवर आपलं मत काय आहे. लोकांना ते आवडलं, कारण एसटी नेहमीप्रमाणे उशिरा होती. मग नाना इतर गावांतही बोलायला लागले. थांब्यावर, दुधाच्या डेअरीवर, एकदा तर कुणाच्या तरी हळदीत. आपल्याच पक्षाच्या ठरावाच्या विरुद्ध बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "मी अजून पक्षातच हाय. मला काढायचं तर काढा."

जिल्ह्याला ही बातमी लागली. अध्यक्षांनी मला नोटीस टाइप करायला सांगितली आणि हातोहात देऊन पोच घेऊन ये म्हणाले. मी नानांच्या गावी गेले तर बायकोने सांगितलं, "गुडघं धरलंत त्यांचं. वज्रेश्वरीला गेलं, कुंडावर." मी परत एसटी धरली.

वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात नाना गळ्यापर्यंत बुडून बसले होते, डोक्यावर टॉवेल. आजूबाजूला तसेच चार-पाच पुरुष. मी पायरीवर पाठ करून उभी राहिले. "नाना, नोटीस आहे," मी हवेत म्हटलं.

"हात वले हायेत. वाच."

मी गंधकाच्या वासात, रस्त्याकडे तोंड करून, खणखणीत आवाजात नोटीस वाचली. आपण पक्षाच्या अधिकृत ठरावाविरुद्ध जाहीर प्रचार करीत आहात; सदर ठरावास आपणच अनुमोदन दिलेले असताना... इथे मी अडखळले. मीच टाइप केलं होतं, पण मोठ्याने वाचल्यावर कळलं. मागून पाण्याचा मोठा आवाज आला. नाना हसताना घसरले होते आणि बाकीचे त्यांना धरत होते.

कपडे करून ते बाहेर आले आणि आम्ही वडापाव घेऊन बसलो. "अध्यक्षाला सांग," ते म्हणाले, "मी माझ्याच ठरावाच्या विरुद्ध हाय, हे खरं. मला काढायचं तर आधी ते पान काढा. पान खरं, तर मी पक्षाचा लाडका. पान खोटं, तर नोटीस खोटी." पुढे खरोखर तसंच झालं. नोटीस फायलीत पडली. ज्या पानाने नानांचं तोंड बंद करायचं होतं, त्या पानामुळेच त्यांना पक्षातून काढता येईना.

पंचायत समितीचं तिकीट मात्र तोवर गेलं होतं. ते त्यांना नक्की झालं होतं, तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी प्रचारासाठी दोन पांढरे शर्ट शिवून घेतले होते. तिकिटाचं दुःख झालं का, असं मी तिथेच वडापाव खाताना विचारलं तेव्हा म्हणाले, "झालं तर. शर्ट शेतात घालाया लागतात, पाखरं पण घाबरत न्हायीत."

मग मी विचारलं, "नाना, तुम्हाला लढाईचं एवढं काय आहे?"

मला त्यांचं फौजेतलं माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तरुणपणी ते सात वर्षं फौजेत आचारी होते, आणि आमच्या कमिटीत याच्यावरून त्यांची चेष्टा व्हायची, की देश लढत होता तेव्हा नाना कांदे चिरत होते.

"चिरत व्हतो ना," नाना म्हणाले. वडापाव हातात तसाच. "एक दिस सकाळी चाळीस जणांची कणीक मळली. रोट्या केल्या, डाळ केली. जेवाया आले सत्तावीस. मी विचारलं बाकीचे कवा येतील, उशीर झाला तर गार होल. कोन बोलंचना. तेरा जणांच्या रोट्या उरल्या. सुभेदार बोलला, अन्न हाय, फेकायचं न्हाय. मंग आम्हीच खाल्ल्या. दोन दिस खाल्ल्या, बाय." त्यांनी वडापाव कागदावर ठेवला. "मला काय देशाचं कळत न्हाय असं न्हाय. पण ज्याला लढाई पायजे, त्यानं एकदा तरी त्या रोट्या खाव्या."

मला रडू आलं आणि मी मिरची लागली म्हणून सांगितलं. ते खरं नाही हे त्यांना कळलं असणार. माझ्या वडापावातली मिरची त्यांनी आधीच उचलून खाल्ली होती.

त्या वर्षी शेवटी लढाई झाली नाही. फौजा आपापल्या जागी परत गेल्या. ठरावाचं पुढे काय झालं, हे जिल्ह्यानेही विचारलं नाही. सगळे विसरले. नाना सोडून.

सभेचा पहिला विषय कायम एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचायचे, सगळे "कायम, कायम" म्हणायचे, आणि चहा यायचा. त्या ठरावानंतरच्या पहिल्याच बैठकीत या विषयावर नाना उठले. "त्या पानावरची सही माझी हाय, मत माझं न्हाय," ते म्हणाले आणि बसले. अध्यक्ष म्हणाले, "नोंद नको." मी पेनाला टोपण लावलं. पुढच्या महिन्यात परत तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. अध्यक्ष समजावायचे की नाना, ते पान केव्हाच कायम झालं, आता त्याच्यावर बोलता येत नाही. नाना मान डोलवायचे आणि पुढच्या पहिल्या शुक्रवारी उठायचे. सगळ्यांना इतकी सवय झाली की विषय क्रमांक एक पुकारला की शेठ स्वतःच म्हणायचे, "हां नाना, बोल डालो." नाना बोलायचे, मी टोपण लावायचे, मग चहा यायचा. पाच वर्षं. साठेक वेळा त्या माणसाने मला तीच एक ओळ सांगितली, आणि साठेक वेळा मी ती लिहिली नाही. याला नोकरी म्हणतात. हाताने खोटं लिहू नको, असं आई म्हणाली होती. हाताने काहीच लिहू नको, असं कुठे म्हणाली होती, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

एक दिवस नाना दुपारी पोटभर जेवले, हात धुवायला मोरीवर गेले आणि तिथेच बसले. उठले नाहीत.

शोकसभा पहिल्या शुक्रवारच्या बैठकीतच घ्यायची ठरली. गुरुवारी अध्यक्षांनी शोकठराव सांगितला आणि मी लिहून घेतला. निष्ठावंत, कडवे, तळमळीचे. मग ते म्हणाले, "आणि हे घाल. देशावर संकट आले असता युद्धाच्या ठरावास अनुमोदन देऊन त्यांनी..."

माझं पेन थांबलं.

"लिही," ते म्हणाले. "कागदोपत्री आहे ते. चांगलं दिसेल. घरच्यांनाही बरं वाटेल."

मी लिहिलं. हो, लिहिलं. हाताला सवय होती.

शुक्रवारी नानांची बायको आली. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. धाकट्या दिराबरोबर आल्या आणि नेमक्या दारच्या खुर्चीत बसल्या, कारण तीच रिकामी होती. अध्यक्ष म्हणाले, रिवाजाप्रमाणे विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मी वाचलं. वाचून झालं आणि कुणीच "कायम" म्हणेना. एकवीस माणसं, आता वीस, सवयीने दारच्या खुर्चीकडे बघत थांबली होती. शेठनी तोंड उघडलं आणि मिटलं. काकींना कळेना सगळे आपल्याकडे का बघतायत. त्यांनी पदर सारखा केला.

मी उभी राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या पायांनी ठरवलं. "त्या पानावरची सही नानांची आहे, मत नानांचं नाही," मी म्हटलं. "पान मी लिहिलं. सही आधी घेतली होती, कोऱ्या पानावर."

"बाई, तुम्ही सभासद नाही," अध्यक्ष म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो. "तुम्हाला सभेत बोलता येत नाही."

"मग लिहिते," मी म्हटलं आणि टोपण काढलं.

मी जुनं पान उघडलं. दोन बोटांची जागा अजून तशीच होती. तिच्यात बारीक अक्षरात लिहिलं की या ठरावास नानांनी याच सभेत उभे राहून विरोध केला होता, अनुमोदकाची सही सभेपूर्वी कोऱ्या पानावर घेतलेली होती, आणि ही नोंद तेव्हा करायची राहिली ती माझ्यामुळे. खाली माझी सही केली. अध्यक्ष काहीतरी बोलत होते. बहुतेक सोमवारबद्दल बोलत होते. मी वही उचलली आणि काकींसमोर धरली. "काकी, तुम्ही तरी सही करा. हे खरं आहे, एवढंच त्याचं म्हणणं."

मला वाटलं, त्या पेन घेतील आणि करतील. तिथे आजवर सगळ्यांनी तसंच केलं होतं. काकींनी वही मांडीवर घेतली आणि वाचायला लागल्या. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षराखाली बोट धरून, अर्धवट मोठ्याने, एकेक शब्द. माझी बारीक ओळ नव्हे, पानाच्या अगदी वरून. शत्रूला. कायमचा. धडा. लूम बंद होते, सगळ्यांना ऐकू येत होतं. चहा आला आणि गार झाला. शेठनी एकदा घड्याळ बघितलं, नमाजाची वेळ होत आली होती, पण उठले नाहीत. कुणीच उठलं नाही. काकी रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत आल्या, तो ओलांडला, नवऱ्याच्या सहीवर क्षणभर बोट ठेवलं, आणि मग माझ्या ओळीवर परत गेल्या. ती त्यांनी दोनदा वाचली.

मग त्यांनी पेन मागितलं आणि पूर्ण नावाने सही केली.

वही मला परत देताना म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय गो तुझं. ते व्हते तवाच लिवायचं व्हतंस."